माकूल ते शाळिग्राम : शीर्षपाद प्राणी आणि त्यांचे जीवाश्म हाताळून कसे ओळखावेत

दगडात वेटोळं दिसलं की लगेच ‘अमोनाईट’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय आधी मोडायला हवी. गोगलगायीचं कवचही वेटोळं असतं, नुम्युलाईट नावाच्या नाण्याएवढ्या एकपेशीय जीवाचंही असतं, आणि शाळिग्राम म्हणून विकलेल्या सिमेंटच्या गोळ्यावर कोरलेली नक्षीही वेटोळीच असते. माकूल, ऑक्टोपस, नॉटिलस आणि आता नामशेष झालेले अमोनाईट ज्या गटात येतात ते शीर्षपाद. शीर्षपाद ओळखायचा तो आकारावरून नव्हे, कवचाच्या आतल्या बांधणीवरून. दोनच प्रश्न विचारायचे : कवच आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत वाटलेलं आहे का? आणि त्या पडद्यांना भेदून शेवटापर्यंत जाणारी एक बारीक नळी आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर समोर शीर्षपादच आहे. काही गोगलगायींच्या कवचात पडदे सापडतात, पण त्यांतून जाणारी नळी नसते. नुम्युलाईटमध्येही कप्पे असतात, पण अशी नळी नसते.

ही बांधणी तरंगण्यासाठी आहे. प्राणी वाढताना मागचा कप्पा बंद करत पुढे सरकतो, बंद कप्प्यातलं पाणी त्या नळीच्या जिवंत पेशी शोषून घेतात आणि त्या जागी वायू भरतो. त्यामुळे जड कवच पाठीवर असूनही प्राणी पाण्यात अधांतरी राहू शकतो. शीर्षपादांनी ही युक्ती कँब्रियन काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वी साधली. चीनमध्ये सापडलेला प्लेक्ट्रोनोसेरास हा त्या काळचा जेमतेम बोटाच्या पेराएवढा प्राणी. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या कप्पेदार कवचाचं कोणी काय केलं, याचा.

हे डोळ्यांत बसवायचं असेल तर अमोनाईट शोधायला एकदम कच्छला धावू नका. आधी मासळीबाजार, मग समुद्रकिनारा, मग संग्रहालय, आणि शेवटी दगड. जिवंत किंवा ताजा प्राणी कधीच न उघडलेला माणूस जीवाश्मात रेषा पाहतो, पण त्या कशाच्या आहेत ते त्याला कळत नाही.

पहिली पायरी : अख्खा माकूल

१ जून ते ३१ जुलै हे पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारी बंदीचे दिवस सोडले तर माकूल कोकणात आणि मुंबईत बहुतेक वर्षभर मिळतो. गोव्यात माणकी मागा. आपल्याला दोन वेगळे प्राणी हवेत. एक स्क्विड : लांबट, नळीसारखं अंग, टोकाला दोन बाजूंना त्रिकोणी पर. दुसरा कटलफिश : रुंद, चपटा, अंगाभोवती झालरीसारखा पर. शंका असेल तर पाठ दाबून बघा. कडक फळी लागली तर कटलफिश. कोळणीला आधीच सांगा, ‘साफ करू नका, अख्खाच द्या.’ नाहीतर ती बोलता बोलता डोकं ओढून, आतली काडी फेकून, मोकळी नळी हातात देईल आणि आपला धडा तिथेच संपेल.

घरी पसरट ताटात थोडं पाणी घेऊन स्क्विड त्यात ठेवा. डोक्याखाली, अंगाच्या कडेतून बाहेर डोकावणारी आखूड मांसल नळी दिसेल. ती असते ती पोटाची बाजू. याच नळीतून पाणी जोरात फेकून प्राणी मागे झेपावतो. पोटाची बाजू वर करा, कात्रीची बोथट बाजू आत ठेवून नळीपासून शेपटीपर्यंत मधोमध सरळ कापा आणि दोन्ही पदर बाजूला करा. दोन्हीकडे पिसासारखे कल्ले दिसतील. प्रत्येक कल्ल्याच्या बुडाशी एक लहान हृदय, आणि मध्ये तिसरं मोठं. रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, त्यामुळे ते लाल नसतं. आतड्यावर चंदेरी, लांबट पिशवी दिसेल. तिला कात्री लावू नका. ती शाईची पिशवी. फुटली तर पुढचं काही दिसणार नाही, आणि ओट्यावरचे डाग घरच्यांना समजावत बसावं लागेल ते वेगळंच.

आता हात मोजा. आठ आखूड, दोन लांब. लांब हातांच्या फक्त टोकाशी चूषक असतात. एक चूषक कापून भिंगाखाली धरा, कडेला दातेरी कडं दिसेल. ऑक्टोपसच्या चूषकाला ते नसतं. हातांच्या मधोमध दाबलं की तपकिरी चोच बाहेर येते. ती काढून वाळवून ठेवा, पुढे अमोनाईटच्या जबड्याशी ताडून बघता येते.

शेवटी प्राणी पालथा करा, पाठीच्या मध्यावर हलकी चीर द्या आणि आतली पारदर्शक काडी अलगद ओढा. कायटिनची (कोळंबीच्या सालीत असतं तेच द्रव्य), पिसाच्या आकाराची, वाकवली तर वाकणारी. हेच एकेकाळचं कवच. स्क्विडच्या पूर्वजांनी ते आधी अंगाच्या आत घेतलं, मग त्यातला चुना टाकून दिला, आणि कप्पेही गेले. ऑक्टोपसकडे तर बहुतेक वेळा तेवढंही उरलेलं नाही. तरंगण्यापेक्षा वेग आणि चपळाई त्यांना जास्त कामाची ठरली.

कटलफिश उघडलात तर पाठीतून पांढरी, अंडाकृती फळी निघेल. ती धुवून बाजूला ठेवा. पुढच्या पायरीचं सामान तेच.

दुसरी पायरी : समुद्रफेन

ती फळी म्हणजे समुद्रफेन. काष्टौषधीच्या दुकानात मिळतं, पक्षी पाळणारे पिंजऱ्यात टांगतात. पावसाळ्यानंतर कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेघेत काड्या-कचऱ्यात पडलेलंही सापडतं. पाण्यात टाका, तरंगेल. घनता पाण्याच्या साधारण ०.६ पट. कडेचा कपचा व्हिनेगरमध्ये टाका, फसफसेल : म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

मग लोखंड कापायच्या करवतीचं पातं घेऊन ते लांबीच्या दिशेनं मधोमध कापा. जोर लावू नका, चुरा होतो. कापलेली बाजू ओल्या बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा फिरवा, वाळू द्या आणि तिरक्या उजेडात दहापट भिंगाखाली धरा. वर कडक ढाल दिसेल. तिच्याखाली पातळ पडद्यांचे एकावर एक थर, आणि दोन पडद्यांच्या मध्ये बारीक उभ्या खांबांची दाटी. हे कप्पे. पोटाच्या बाजूनं बघितलं तर मागच्या उतारावर बारीक आडव्या रेघांचा पट्टा असतो. तिथे जिवंतपणी ऊतींचा थर चिकटलेला असतो, आणि कप्प्यांतलं पाणी बाहेर काढण्याचं किंवा आत सोडण्याचं काम तोच करतो. एरिक डेन्टन आणि जॉन गिल्पिन-ब्राऊन यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास हे मोजून दाखवलं. कटलफिशमध्ये वेगळी नळी उरलेली नाही, हा पट्टाच तिचा अवतार. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘हो, पण पसरट’ असं येतं. हा अपवाद ध्यानात असू द्या.

पडदे मोजून वय काढायचा मोह होतो. तो टाळा. पडदे किती वेगानं पडतात ते पाण्याच्या तापमानावर आणि खाण्यावर अवलंबून असतं, दिवसाला एक असा हिशेब लागत नाही.

फळीच्या मागच्या टोकाला काटा आहे का तेही बघा. सेपिया वंशातल्या बऱ्याच जातींना असतो. आपल्या किनाऱ्यावर भरपूर मिळणाऱ्या लहानशा सेपिएला इनर्मिसला नसतो, तिच्या नावातच ते आलेलं आहे. जीवाश्मांची ओळख अशाच किरकोळ वाटणाऱ्या खुणांवर चालते, म्हणून डोळ्याला आत्तापासून सवय लावायची.

तिसरी पायरी : नॉटिलसचं कापलेलं कवच

इथे फार वेळ नको. बाहेर कप्पेदार कवच बाळगणारा आज फक्त नॉटिलस आणि त्याचे सख्खे उरलेत. संग्रहालयात मधोमध कापलेलं कवच असेल तर तीन गोष्टी टिपा. पडदे तोंडाच्या बाजूला खोलगट आहेत. नळी साधारण पडद्यांच्या मध्यातून जाते. आणि पडदा कवचाला जिथे मिळतो ती रेषा सरळ किंवा हलकीशी बाकदार आहे. सगळ्यात बाहेरची मोठी, पडदे नसलेली जागा म्हणजे प्राण्याची राहती खोली.

विकत घेऊ नका. नॉटिलस पॉम्पिलियस आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि जानेवारी २०१७ पासून नॉटिलसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्यजीव-व्यापारविषयक जागतिक कराराचं नियंत्रण आहे. किनारी पर्यटनस्थळी दुकानदार ‘जुना माल आहे’ म्हणतो. तरीही नको.

चौथी पायरी : दगडातला अमोनाईट

अमोनाईट नॉटिलससारखा दिसतो, पण नातं स्क्विड-ऑक्टोपसशी जास्त जवळचं. अमोनाईट ज्या मोठ्या गटात येतात तो सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी डेव्होनियन काळात उगवला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर संपला. मधल्या काळात या प्राण्यांच्या जाती इतक्या भराभर बदलत गेल्या की खडकाचा थर कोणत्या काळाचा हे ठरवायला त्यांच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

नमुना हातात आला की आधी पाण्यानं ओला करा. कोरड्या दगडात निम्म्या खुणा दिसत नाहीत. टेबललॅम्प अगदी खाली, बाजूनं लावा. मग या क्रमानं बघा.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का? अमोनाईट एका पातळीत गुंडाळलेला असतो, म्हणून डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी जुळते. गोगलगायीचं वेटोळं एका बाजूला वर चढत जातं. क्रिटेशियस काळात काही अमोनाईट सरळ, काही आकड्यासारखे, काही मळसूत्रासारखेही झाले. पण सुरुवातीला अशा विक्षिप्तांच्या नादी लागू नये.

मग शिवण शोधा. पडद्याची कड कवचाला आतून जिथे चिकटते त्या रेषेला शिवण म्हणतात. अमोनाईटमध्ये ती नागमोडी, फांद्याफांद्यांची, नक्षीदार असते. पण कवच शाबूत असेल तर ती दिसत नाही! कवच विरघळून किंवा सोलून गेलं आणि आत भरलेल्या चिखलाचा दगडी ठसा उरला, तरच शिवण वर येते. अमोनाईटचं कवच अ‍ॅरागोनाईटचं. हा कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार सहज विरघळतो, म्हणून असे आतले ठसेच जास्त सापडतात. नवखे लोक चकचकीत, अखंड नमुन्याला जास्त मानतात. अभ्यासाला मात्र सोललेलाच उपयोगी.

शिवणीच्या घडीवरून ढोबळ काळही कळतो. साधे मोठे कोन : गोनिएटाईट, पुराजीव काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या आधीच्या काळाच्या, उत्तरार्धातला. पुढे आलेले भाग गोल आणि मागे गेलेल्या भागांना बारीक दाते : सेराटाईट, मुख्यतः ट्रायासिक. दोन्हीकडे फांद्याच फांद्या : अमोनाईट, ज्युरासिक-क्रिटेशियस. पडद्याच्या कडेला इतक्या घड्या कशासाठी, यावर शतकभराहून जास्त काळ वाद चालू आहे. पाण्याचा दाब पेलायला म्हणणारे आहेत, स्नायू बांधायला म्हणणारे आहेत, पाणी धरून ठेवायला म्हणणारेही आहेत. मला पहिलं कारण एकट्यानं पुरेसं वाटत नाही, कारण उथळ पाण्यातल्या जातींमध्येही घड्या भरपूर असतात.

शिवण ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. नमुन्यावर शाईनं गिरवणारे लोक आहेत, पण दगडावर चढलेली शाई निघत नाही.

तिसरी खूण नळीची. तुटलेल्या टोकाकडे बघा. बहुतेक अमोनाईटांत नळी बाहेरच्या कडेला चिकटून असते. नॉटिलसमध्ये मध्याजवळ. एका तुटलेल्या तुकड्यावरून दोघांत फरक करायचा तर याइतकी खात्रीची खूण नाही.

मग शेवटच्या वेटोळ्यावर शिवणी कुठे थांबतात ते शोधा. तिथून पुढे राहती खोली. शेवटच्या दोन-चार शिवणी एकमेकींच्या फार जवळ आल्या असतील तर प्राणी पूर्ण वाढलेला होता. वाढ मंदावली की पडदे दाटीनं पडतात. काही लहान नमुन्यांच्या तोंडाशी दोन्हीकडे जिभेसारखे कान पुढे आलेले असतात. एकाच थरात तसाच दिसणारा, पण बिनकानाचा आणि कितीतरी मोठा नमुना सापडला तर दोन जाती म्हणून नोंदवायची घाई करू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडचे हेन्रिक माकोव्स्की आणि इंग्लंडचे जॉन कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अशा जोड्या एकाच जातीच्या नर-मादीच्या असतात. मोठी बहुधा मादी.

आता मोजमाप. व्यास, नाभीची रुंदी, शेवटच्या वेटोळ्याची उंची आणि जाडी, हे चार आकडे मिलिमीटरमध्ये घ्या. नाभी म्हणजे आतली वेटोळी जिथे उघडी दिसतात तो मधला खळगा. समजा व्यास ६० आणि नाभी २१ असेल, तर नाभी व्यासाच्या ३५ टक्के. हे प्रमाण जास्त असेल तर कवच सैल गुंडाळलेलं, अगदी कमी असेल तर शेवटच्या वेटोळ्यानं आतली सगळी झाकलेली. सोबत फासळ्यांबद्दल लिहा : एकेरी की बाहेरच्या कडेकडे दुभंगणाऱ्या, सरळ की वळलेल्या, कडेवर कणा आहे की नाही. वंशापर्यंत पोहोचायला एवढं पुरतं. जातीचं नाव घालायची घाई तज्ज्ञसुद्धा करत नाहीत.

बंदुकीच्या गोळीसारखा दगड : बेलेम्नाईट

लांबट, गुळगुळीत, एका टोकाला निमुळता, तपकिरी किंवा राखाडी. लोक याला दगडी खिळा, गोळी, सागरी अर्चिनचा काटा, काहीही समजतात. खरं तर हा स्क्विडसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या अंगातल्या कवचाचा मागचा भरीव भाग. तुटलेलं टोक बघा : मध्यापासून कडेकडे किरणांसारखे कॅल्साईटचे (कॅल्शियम कार्बोनेटचाच दुसरा प्रकार) स्फटिक, आणि त्यांना छेदणारी वर्तुळं. दुसऱ्या, रुंद टोकाला शंकूच्या आकाराचा खळगा असतो, त्यात कप्पे बसायचे. नशीब असेल तर पडद्यांचे ठसे अजून दिसतात. किरणं आणि खळगा दोन्ही दिसले की शंका उरत नाही.

कॅल्साईट टिकाऊ असल्यामुळे अमोनाईटचं कवच विरघळून गेलेल्या थरातही बेलेम्नाईट ढिगानं मिळतात. तमिळनाडूत पेरंबलूर-अरियलूर पट्ट्यात कराईच्या ओसाड, पाण्यानं चिरलेल्या मातीत ते पावसानंतर नुसते पसरलेले दिसतात. याच मजबुतीमुळे रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये ज्युरासिक बेलेम्नाईटच्या वाढीच्या वर्तुळांतून ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजलं आणि त्या समुद्राचं तापमान काढलं. कार्बनच्या समस्थानिकांसाठी जगभर वापरलेलं मूळ प्रमाणही अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाच्या पी डी थरातल्या एका बेलेम्नाईटवरूनच आलं.

माकूल कापताना शाईची पिशवी जपायला सांगितली होती, तिचाही इथे संबंध आहे. इंग्लंडच्या लाईम रेजिस किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगला बेलेम्नाईटच्या पोटात दगड झालेली शाई मिळाली, आणि तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिनं ती पाण्यात खलून त्याच शाईनं जीवाश्मांची चित्रं काढली.

देवघरातला शाळिग्राम

अनेक घरांत अमोनाईट पिढ्यानपिढ्या आहे, फक्त तसं कोणी म्हणत नाही. नेपाळात मुस्तांगच्या भागात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे काळे गोटे हिमालयातल्या स्पिती शेल या थरातून सुटून येतात. थर ज्युरासिकच्या उत्तरार्धातला आणि क्रिटेशियसच्या सुरुवातीचा, हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाचा. तळच्या चिखलात अमोनाईटभोवती खनिजं साठून गोटा घट्ट झाला, पुढे हिमालयाबरोबर तो वर उचलला गेला आणि नदीनं घासून गुळगुळीत केला. शाळिग्रामावरचं ‘चक्र’ म्हणजे बहुधा अमोनाईटचं वेटोळं किंवा त्याचा ठसा. काही शाळिग्रामांत बाहेरून काहीच दिसत नाही, आणि काहींत खरंच काही नसतंही.

घरचा शाळिग्राम तपासायचा असेल तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. व्हिनेगर, आम्ल, सुई, काहीही लावायचं नाही, आणि ‘आत काय आहे बघू’ म्हणून फोडायचा तर मुळीच नाही. पाण्याची चाचणी मात्र चालते. रोज अभिषेक होतोच, तेव्हा पाण्याला कुणाची हरकत नसावी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरड्या शाळिग्रामाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. शाळिग्राम दोऱ्यानं टांगून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो त्याच्या आकारमानाचा, घनसेंटिमीटरमध्ये. वजन १८० ग्रॅम आणि हा आकडा ६८ आला तर घनता १८० भागिले ६८, म्हणजे सुमारे २.६५. खऱ्या गोट्याची साधारण याच्या आसपास येते, आत पायराईट हे लोह-गंधकाचं जड, सोनेरी खनिज असेल तर थोडी जास्त. १.२ च्या जवळ आली तर रेझिन. २.२ च्या खाली-वर घुटमळली तर सिमेंटचा संशय धरा.

मग भिंग. कोरलेल्या चक्रात सगळ्या खोबणी सारख्याच खोल आणि सारख्या अंतरावर असतात, हत्याराचे ओरखडेही सापडतात. खऱ्यात आतून बाहेर येताना अंतर वाढत जातं, फासळ्या दुभंगतात, एखादी मोडलेली असते, आणि चक्र गोट्याच्या कडेपाशी दगडात शिरून गडप होतं. दोन भागांचा शाळिग्राम असेल तर एका बाजूला उठाव आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच खळगा असायला हवा. दोन्हीकडे उठावच असेल तर साच्यातून काढलेला आहे. पुसल्यावर ओल्या कापसाला काळं लागत असेल तर वरून रंग दिलाय. पण श्रद्धेनं ठेवलेली वस्तू नकली निघाली तर ती बातमी कशी द्यायची, याची पद्धत मला सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात शोधणाऱ्यांसाठी

आपल्याकडे अमोनाईट सापडल्याचे फोटो नेहमी फिरतात. राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, तो जमिनीवर वाहिलेला लाव्हा. त्यात समुद्री प्राणी येणार कुठून? लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात मात्र गोड्या पाण्यातल्या गोगलगायी भरपूर आहेत. नागपूरच्या टाकळी भागातून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं १८५० च्या दशकात त्या गोळा केल्या, त्यातली फायसा प्रिन्सेपाय ही गोगलगाय प्रसिद्ध आहे. वेटोळं आहे, पण एका बाजूला वर चढणारं, आणि आत पडदे नाहीत. आपल्या दोन प्रश्नांत ती लगेच नापास होते. बेसॉल्टचे कांद्याच्या पाकळ्यांसारखे सुटणारे गोटे आणि अगेटमधली वर्तुळं यांनाही लोक जीवाश्म म्हणतात.

महाराष्ट्राजवळ खरे अमोनाईट हवे असतील तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बागचे थर. क्रिटेशियस काळात नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा फाटा शिरला होता, त्याच्या चुनखडकात प्लासेंटिसेरास हा चपटा, जवळजवळ गुळगुळीत, धारदार कडेचा अमोनाईट मिळतो.

कच्छला जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. कच्छचे अमोनाईट १८४० मध्ये सॉवर्बी या इंग्रज अभ्यासकानं पहिल्यांदा वर्णिले. पुढे फर्डिनांड स्टोलिच्कानं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला थर तपासून गोळा केलेले नमुने विल्हेल्म वागेननं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी अभ्यासले. स्पाथ या अमोनाईट-तज्ज्ञानं १९२७ ते १९३३ या काळात त्यांची सगळी फेरतपासणी केली. आजही कच्छचा अमोनाईट ओळखताना वागेन आणि स्पाथ यांचे ग्रंथ उघडावेच लागतात.

थरांचा क्रम खालून वर असा पाठ करा : पच्छम, चारी, कट्रोल, उमिया. जुमारा, कीरा यांसारख्या ठिकाणी हे थर घुमटासारखे वाकलेत आणि वरचा माथा झिजून गेलाय, त्यामुळे सर्वांत जुना थर मध्यभागी उघडा पडतो. मध्यापासून बाहेर चालत गेलात की नव्या थरांकडे जाता. मध्याजवळ, पच्छमचा माथा आणि चारीचा तळ यांच्या आसपास, मॅक्रोसेफॅलाईट्स हे जाड फुगीर अमोनाईट भेटतात. चारीच्या माथ्यावरचा धोसा ऊलाईट पायाखाली आला की लगेच कळतो : तांबूस, कठीण, आणि भिंगाखाली बारीक गोल दाण्यांनी भरलेला खडक, त्यात अमोनाईटांची गर्दी. तो थर सापडला की आपण नकाशावर कुठे उभे आहोत याचा पक्का ठाव लागतो.

हातोडी नेलीत तरी बॅगेतच राहू द्या. अभयारण्यातून, राखीव क्षेत्रातून, संरक्षित स्थळावरून काही उचलायचं नाही. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारायचं. सीमेजवळच्या भागात परवाना लागतो, आणि तिथे ड्रोन उडवायची हौस तर मुळीच नको. बहुतेकांना फोटो पुरतो : एक वरून, एक तोंडाच्या बाजूनं, एक कडेचा, प्रत्येकात शेजारी पट्टी.

उचलायची परवानगी असेल तर नमुना पिशवीत जाण्याआधी चिठ्ठी लिहा. जागा, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, कोणता थर, आणि नमुना थरात रुतलेला होता की सुटा पडलेला. शेवटची नोंद सगळे विसरतात. सुटा नमुना वरच्या थरातून घरंगळत आलेला असू शकतो, त्याच्या जोरावर खालच्या थराचं वय सांगता येत नाही. चिठ्ठी हरवलेला देखणा अमोनाईट म्हणजे नुसता पेपरवेट. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई ओलसर पिशवीत पसरते. एक प्रत वहीत.

घरी आल्यावर साधं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश. चिकटलेली माती सुईनं, भिंगाखाली, नमुन्याच्या बाहेरच्या दिशेनं काढा. आम्ल नको. वार्निश, तेल, नेलपॉलिश तर नकोच. फोटोत चमक येते, पण पुढे शिवण बघायची तर तो थर काढता काढता दगडच खरवडला जातो. सोनेरी पायराईटचे नमुने दमट हवेत काही वर्षांत पांढरी पूड होऊन फुटतात, म्हणून पावसाळ्याआधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. काही वेगळं, न जुळणारं हाती लागलं तर चारही मोजमापं, शिवणीचं ट्रेसिंग आणि चिठ्ठीचा फोटो घेऊन जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला लिहा. नमुना सोबत नेऊ नका, आधी फोटोच पाठवा. बघायला बोलावलं तर चिठ्ठीसकट घेऊन जा.